खोटी नाणी आणि खरे सोने

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या व्यवस्थापक मंडळींनी आमच्याकडे एक लहानसे प्रकरण अभिप्रायासाठी पाठविले. देवीच्या अलंकारांत पुतळ्यांची एक जुनी माळ होती आणि दागिन्यांच्या नोंदवहीत ती 'व्हेनिसच्या पुतळ्यांची माळ' म्हणून लिहिलेली होती. नव्याने मोजदाद करताना एका सुशिक्षित महाजनांनी भिंग लावून पाहिले, तो पुतळ्यांवरील अक्षरे ही अक्षरेच नव्हती. उभ्याआडव्या रेघा आणि काही ठिपके, एवढाच काय तो मजकूर. महाजनांनी शेरा मारला की पुतळ्या खोट्या असून दात्याने देवीची वंचना केली आहे; सबब माळ मोडून त्या सोन्याचा पत्रा करावा. सोनाराने कसोटी लावली, तेव्हा सोने मात्र उत्तम निघाले. दात्याच्या घराण्यातील एक वृद्ध बाई आमच्याकडे आल्या व एवढेच म्हणाल्या, "बाब, माळ मोडायची तर मोडा, पण आमच्या पणजीने देवीला खोटे दिले असे तेवढे वहीत लिहू नका."

प्रश्न दिसावयास लहान होता. परंतु 'खोटे' या शब्दाचा अर्थ काय, हे ठरविल्यावाचून त्याचे उत्तर देता येईना. तो अर्थ शोधीत आम्ही ज्या वाटेने गेलो ती आम्हांस व्हेनिसच्याही पलीकडे, दीड हजार वर्षे मागे, रोमन साम्राज्याच्या पडत्या काळात घेऊन गेली. त्या काळी जर्मानिक टोळ्यांनी रोमन सम्राटांच्या सुवर्णमुद्रांच्या हुबेहूब, अर्धवट आणि वेड्यावाकड्या अशा सर्व प्रकारच्या नकला पाडल्या. त्यांचा इतिहास वाचताना खऱ्याखोट्याचा विवेक किती कठीण आहे हे आम्हांस जसे कळले, तसे कायद्याच्या पुस्तकांतूनही कळले नव्हते.

प्रथम मूळ नाण्याचा परिचय करून घेऊ. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमची नाणेव्यवस्था ढासळली होती. कॉन्स्टंटाइन सम्राटाने इ.स. ३०९ च्या सुमारास 'सॉलिडस' नावाची नवी सुवर्णमुद्रा काढली. एक रोमन रत्तल शुद्ध सोन्यात अशा ७२ मुद्रा बसत. म्हणजे एकेकीचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. तिच्या एक तृतीयांश वजनाचे 'ट्रेमिसिस' हे नाणे पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आले. एका अंगास सम्राटाचे मुख व नाव, दुसऱ्या अंगास बहुधा पंख असलेली विजयदेवता, आणि खाली 'कॉनोब' अशी पाच अक्षरे. यांतील 'कॉन' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, आणि 'ओब' म्हणजे तावून सुलाखून घेतलेले शुद्ध सोने. ग्रीक अंकपद्धतीने याच दोन अक्षरांचा अर्थ बहात्तर असाही होतो. टाकसाळीची खूण, कसाची ग्वाही आणि वजनाचे प्रमाण ही तिन्ही त्या पाच अक्षरांत सामावली होती.

या मुद्रेभोवती रोमन निर्बंधांचा कडक पहारा होता. इ.स. ४३८ मध्ये सिद्ध झालेल्या थिओडोसियसच्या संहितेत नाण्यांविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. सम्राटाचे मुख असलेल्या सर्व सॉलिडसांची किंमत एकच समजावी, मग छाप लहान असो वा मोठी, असे त्यांतील एक निर्बंध सांगतो. आणि हे न पाळणाऱ्यास शिरच्छेद अथवा अग्नीची शिक्षा ठेवतो. खोटे नाणे पाडणे हा तर राजद्रोह मानला गेला होता. सोन्यावरील मुख हे साक्षात् सम्राटाचे मुख. त्याची नक्कल करणारा सम्राटाच्या अधिकारावरच हात घालतो, ही त्यामागील विचारसरणी.

आता सीमेपलीकडे पाहू. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांच्या उत्तरेस राहणाऱ्या लोकांस रोमन नाण्याची ओळख जुनी होती. इ.स. ९८ च्या सुमारास टॅसिटस लिहितो की, जर्मन लोक जुनी व परिचित नाणी पसंत करतात आणि नव्यांवर भरवसा ठेवीत नाहीत. पुढे या लोकांकडे सोने वाहू लागले ते पगार, नजराणा, खंडणी आणि लूट अशा चार वाटांनी. इ.स. २५१ मध्ये अब्रिटसच्या लढाईत गॉथ लोकांनी खुद्द डेसियस सम्राटास रणांगणावर ठार केले. आजच्या युक्रेन व पोलंडच्या प्रदेशांत तिसऱ्याचौथ्या शतकांतील रोमन सुवर्णमुद्रा आणि त्यांच्या स्थानिक नकला सापडतात, आणि त्यांपैकी पुष्कळांना वर भोक पाडलेले किंवा कडी लावलेली असते. पाचव्या शतकात हा ओघ फारच वाढला. हूणांचा राजा अॅटिला याने पूर्व साम्राज्याकडून वर्षाला ७०० रत्तल आणि नंतर २,१०० रत्तल सोने वसूल केले. ७२ च्या हिशोबाने हे दीड लाखाहून अधिक सॉलिडस होतात. मराठ्यांची चौथाई ठाऊक असलेल्या वाचकांस या व्यवहाराचे स्वरूप समजावून सांगावयास नको.

या सोन्याचा एक भाग उत्तरेस, बाल्टिक समुद्रातील ओलँड, गॉटलँड, बॉर्नहोम या बेटांपर्यंत पोहोचला. तेथे बाजारात नाणे मोजून माल घेण्याची रीत फारशी नव्हती. मग सोन्याचे करावयाचे काय? तर अंगावर घालावयाचे. रोमन मुद्रा व पदके यांना कड्या लावून लोक ती गळ्यात घालू लागले. आणि मूळ नाणी पुरेनात तेव्हा पातळ सोन्याच्या पत्र्यावर एकाच बाजूने ठसा उठवून तशीच पदके करू लागले. यांस 'ब्रॅक्टिएट' म्हणतात. पाचव्यासहाव्या शतकांतील अशी हजाराहून अधिक पदके आज ज्ञात आहेत. डेन्मार्कचे विद्वान ख्रिश्चन थॉमसेन यांनी १८५५ साली त्यांचा प्रथम पद्धतशीर अभ्यास केला.

ही पदके क्रमाने मांडली की एक विलक्षण गोष्ट दिसते. प्रारंभीच्या पदकांवर रोमन सम्राटाचे मुख आहे. मुकुटाची पट्टी, खांद्यावरील कांटा, भोवती अक्षरे, सर्व काही आहे. पुढे पट्टीची वेणी होते, केसांचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे वळते, मस्तकाखाली घोड्यासारखा एक प्राणी येतो. रोमन अक्षरांच्या जागी प्रथम निरर्थक रेघा आणि नंतर त्या लोकांची स्वतःची रून अक्षरे येतात. सम्राट हळूहळू नाहीसा होतो आणि त्याच्या आसनावर दुसरेच कोणी बसते. कार्ल हाउक या जर्मन पंडितांनी हे दुसरे कोणी म्हणजे ओडिन देव होय असे प्रतिपादन केले होते. डेन्मार्कमध्ये विंदेलेव या ठिकाणी २०२० साली सुमारे ८०० ग्रॅम वजनाचा सुवर्णसाठा निघाला. त्यातील पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पदकावरील रून लेख २०२३ मध्ये वाचला गेला. 'तो ओडिनचा माणूस' असा त्याचा आशय आहे. ओडिनच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. ज्या पदकाच्या पूर्वजावर रोमचा सम्राट होता त्याच्यावर आता ओडिनचे नाव आले.

या पदकांना खोटी नाणी म्हणावे काय? भारतात १ जुलै २०२४ पर्यंत अमलात असलेल्या १८६० च्या दंडसंहितेने नाण्याची व्याख्या करताना उदाहरणे दिली होती. त्यांतील एक असे की पदके ही नाणी नव्हेत, कारण पैसा म्हणून वापरण्याचा त्यांचा हेतू नसतो. जे नाणे म्हणून पाडले नाही, नाणे म्हणून दिले नाही, ते खोटे नाणे होऊ शकत नाही. ओलँडच्या स्त्रीने गळ्यातील पदकाने कोणास फसविले नव्हते. हा निकाल सोपा आहे.

दुसऱ्या वर्गाचे प्रकरण मात्र इतके सोपे नाही. इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेचा अखेरचा सम्राट पदच्युत झाला. तत्पूर्वीच गॉल व स्पेनमध्ये पश्चिम गॉथ, र्‍होन नदीच्या खोऱ्यात बर्गंडियन आणि उत्तरेस फ्रँक यांची राज्ये उभी राहिली होती, इटलीत इ.स. ४९३ मध्ये पूर्व गॉथांचा थिओडोरिक राजा झाला. हे राजे स्वतंत्र होते, सैन्य त्यांचे होते, कर तेच घेत. परंतु सोन्याचे नाणे पाडताना त्यांनी आपले नाव घातले नाही. नाव दूरच्या कॉन्स्टँटिनोपलमधील सम्राटाचे, अनास्टेशियसचे, जस्टिनचे, जस्टिनियनचे. टुलूज येथे पाडलेल्या नाण्यावरही कॉन्स्टँटिनोपलचे पहिले अक्षर, विजयदेवता तीच, शब्द तेच. फार तर बर्गंडियन राजे गुंडोबाद व सिगिस्मंड यांनी एका कोपऱ्यात आपल्या नावाचे लहानसे मोडाक्षर कोरले. थिओडोरिकने स्वतःच्या मुखाची एक मोठी सुवर्णमुद्रा पाडली खरी, परंतु ती बाजारासाठी नव्हे, मानाच्या देणगीसाठी. तिचा एकच नमुना उपलब्ध असून तो रोम येथे आहे.

हे असे का व्हावे? भीतीमुळे म्हणावे तर सम्राट दूर होता. आमच्या मते कारण बाजारात आहे. व्यापारी, सैनिक, सारा वसूल करणारा यांना ओळखीचे मुख पाहिजे होते. राजाची सत्ता तलवारीने स्थापन होते, परंतु नाण्याची पत तशी स्थापन होत नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने येते. त्या सवयीचा आश्रय घेतल्यावाचून नव्या राजाचे सोने चालले नसते.

आमच्या इंदूर, ग्वाल्हेर व बडोद्याच्या वाचकांस यात नवल वाटू नये. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या टाकसाळींतून निघालेल्या रुपयांवर शाह आलम किंवा अकबरशहा दुसरा या दिल्लीच्या बादशहांची नावे असत, आणि आपल्या घराण्याची खूण बेलपान, सर्प वा तलवार अशा चिन्हांनी दाखविली जाई. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ पर्यंत तेच केले. तिच्या बंगालमधील रुपयावर शाह आलमचे एकोणिसावे राज्यवर्ष कायमचे गोठलेले असे आणि नाणे कलकत्त्यात पाडलेले असले तरी टाकसाळीचे नाव मुर्शिदाबादचेच राही. टुलूजच्या नाण्यावर कॉन्स्टँटिनोपल आणि कलकत्त्याच्या नाण्यावर मुर्शिदाबाद, ही एकाच जातीची असत्ये होत.

तथापि असत्याचा आश्रय एकदा घेतला की त्याच्या आडून चोरीही शिरते. ओळखीच्या मुखामागे सोन्यात चांदी मिसळणे सोपे असते. इ.स. ४५८ मध्ये मेजोरियन सम्राटाने आज्ञा केली की पूर्ण वजनाचा सॉलिडस कोणाही वसुली अधिकाऱ्याने नाकारू नये. अपवाद एकच, गॉलमधील सॉलिडस, कारण त्याचे सोने हलके गणले जाते. बर्गंडियनांच्या कायद्यातील एक कलम आणखी बोलके आहे. सर्व सोने वजनाप्रमाणे स्वीकारावे, मात्र चार प्रकारची नाणी वगळावीत, असे ते सांगते. त्या चारांत जिनिव्हाची पूर्वीची नाणी, म्हणजे त्यांच्याच राज्यातील नाणी आहेत, आणि अलारिक राजाच्या काळापासूनची गॉथांची नाणीही आहेत. हा दुसरा अलारिक इ.स. ५०७ मध्ये फ्रँकांशी लढताना मारला गेला. व्हिएन येथील बिशप अॅव्हिटस याने आपल्या एका पत्रात त्याच्या भेसळीच्या सोन्यास येऊ घातलेल्या नाशाचे चिन्ह म्हटले आहे.

हे कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले. येथे विधिकर्त्याने 'हे नाणे सम्राटाचे आहे की नकली' असा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याच्या राज्यातील बहुतेक नाणी त्या अर्थाने नकलीच होती. त्याने विचारले ते एवढेच की वजन पुरे आहे काय आणि कस खरा आहे काय. नावाचे असत्य सर्वांस ठाऊक होते म्हणून त्याने कोणी फसत नव्हते. कसाचे असत्य लपलेले होते म्हणून ते गुन्हा ठरले. वकिलीच्या इतक्या वर्षांत वंचनेची याहून स्वच्छ मीमांसा आमच्या पाहण्यात आली नाही.

आता या कथेतील सर्वांत मोठा विपर्यास पाहावा. फ्रँक राजा थ्यूडेबर्ट याने, सहाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात, सॉलिडसवर सम्राटाच्या जागी उघडपणे आपले नाव घातले. ज्याचे नाणे त्याचे नाव. यात असत्य काही नव्हते. परंतु कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूने आक्रोश उठला तो याच नाण्याविरुद्ध. इतिहासकार प्रोकोपियस हा सेनापती बेलिसॅरियसचा कायदेविषयक सल्लागार, म्हणजे आमच्याच व्यवसायातील मनुष्य. तो तक्रार करतो की फ्रँकांचे राजे गॉलच्या सोन्याची नाणी पाडतात आणि त्यांवर सम्राटाचे मुख न घालता स्वतःचे घालतात. इराणचा राजा चांदीचे नाणे हवे तसे पाडतो, पण सोन्यावर आपले मुख घालण्याचा अधिकार त्यालाही नाही. प्रोकोपियसचे हे विधान पुरते खरे नाही, कारण सासानी राजांची स्वतःच्या मुखाची सुवर्णनाणी, थोडी का होईना, उपलब्ध आहेत. परंतु त्याच्या संतापाचा रोख खरा आहे. पन्नास वर्षे ज्यांनी सम्राटाच्या नावाने नाणी पाडली त्यांच्याविषयी त्याची तक्रार नाही. ज्याने खरे नाव लिहिले तो मात्र उद्धट ठरला. साम्राज्याला नकलेचे भय नव्हते, कारण नक्कल ही एक प्रकारची वंदनाच असते. भय होते ते नक्कल थांबण्याचे.

आणि ती थांबलीच. स्पेनमध्ये लिओविगिल्ड (इ.स. ५६८ ते ५८६) याने आपले नाव घातले. गॉलच्या दक्षिणेस मार्सेय वगैरे ठिकाणी काही काळ सम्राटाच्या नावाची नाणी चालू राहिली, पण सातव्या शतकाच्या प्रारंभी तेथेही क्लोथार दुसरा याचे नाव आले. इटलीतील लोम्बार्डांनी मॉरिस सम्राटाच्या नावाच्या नकला तो मरून गेल्यावरही पाडल्या, परंतु इ.स. ६४३ मध्ये त्यांचा राजा रोथारी याने जो कायदा केला त्यात, राजाज्ञेवाचून सोन्याचे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडावा असे कलम आहे. काल ज्यांनी दुसऱ्याचे नाव उसने घेतले होते ते आज आपल्या अधिकाराचे रक्षण करू लागले! पुढे कुनिंकपर्ट राजाने (इ.स. ६८८ ते ७००) आपले नाव घातले आणि मागील बाजूच्या विजयदेवतेच्या जागी देवदूत मायकेल आणला. पंख मात्र तेच राहिले.

१९३९ साली इंग्लंडमध्ये सटन हू येथे एका राजाच्या नौकासमाधीत एक थैली सापडली. तीत फ्रँकांची ३७ सुवर्णनाणी होती आणि ती सर्व निरनिराळ्या टाकसाळींची होती. तोपर्यंत नाण्यांवर गावाचे आणि नाणे पाडणाराचे नाव येऊ लागले होते. सम्राटाचे मुख पुसट झाले आणि त्या जागी एक साधा कारागीर आपल्या नावाने कसाची हमी देऊ लागला. दुर्दैवाने त्याच शतकात सोने आटत गेले, कस उतरला, आणि इ.स. ६७० नंतर गॉलमध्ये चांदीचे नाणे आले.

दख्खनलाही ही कथा परकी नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि हैदराबादजवळील कोंडापूर येथे रोमन नाण्यांवरून केलेली, कडी असलेली मातीची पदके उत्खननात मिळाली आहेत. ज्यांना सोने परवडले नाही त्यांनी भाजलेल्या मातीत सम्राटाचे मुख गळ्यात घातले. आणि आमची पुतळी? व्हेनिसचा डुकाट १२८४ साली निघाला; शुद्ध सोन्याचा, साडेतीन ग्रॅमचा. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती आणि मागे ताऱ्यांनी वेढलेला येशू. हा डुकाट व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला, त्याच्या नकला येथील सोनारांनी पाडल्या, आणि आपल्या आयाबहिणींनी त्यांतील दोन आकृतींत आपापली दैवते पाहिली. लॅटिन अक्षरांच्या रेघा झाल्या, जशा ओलँडला झाल्या होत्या. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडाले, तरी पुतळीची माळ आमच्या घराघरांत राहिली.

आमचा अभिप्राय आम्ही तीन कलमांत लिहून दिला. पहिले, माळेतील पुतळ्या देशी घडणीच्या असून नोंदवहीतील 'व्हेनिसच्या' हा शब्द चुकीचा आहे. तो दुरुस्त करावा. दुसरे, त्या नाणे म्हणून नव्हे, अलंकार म्हणून अर्पण झाल्या. कस व वजन पूर्ण आहे. सबब वंचना मुळीच नाही आणि 'खोट्या' हा शेरा काढून टाकावा. तिसरे, माळ मोडल्यास सोने तेवढेच राहील, परंतु ते कोणी, कोणत्या काळी, कोणत्या हातांनी घडवून दिले याचा एकमेव पुरावा नष्ट होईल. सबब माळ मोडू नये.

पहिली दोन कलमे मंडळींनी तत्काळ मान्य केली. तिसऱ्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी ज्या महाजनांनी भिंग लावले होते त्यांनीच माळ आहे तशी ठेवण्याची सूचना मांडली. वहीत आता अशी नोंद आहे: 'पुतळ्यांची माळ एक, देशी घडण, सोने उत्तम.' ती नोंद वाचून दाखविली तेव्हा त्या वृद्ध बाई काही बोलल्या नाहीत. देवीपुढे हात जोडून त्या घरी गेल्या.